कामाचा ताण आयुष्य कसा खातो, आणि कारखान्यात तो मोजून उतरवायचा कसा

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एखाद्या इंजिनिअरिंग शेडमध्ये दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशिनं शेजारी शेजारी असतात. दोन्हीवर तोच जॉब, तेच टार्गेट, जवळपास तोच पगार. पहिल्या मशिनवरच्या ऑपरेटरला टूल घासल्यासारखं वाटलं की तो स्वतः मशिन थांबवतो, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलतो आणि पुढं जातो. दुसऱ्याला तेवढ्यासाठी सुपरवायझरला शोधत फिरावं लागतं. तो सापडेपर्यंत मशिन चालूच ठेवायचं, चार नग रिजेक्ट गेले की बोलणी खायची, आणि टार्गेट भरलं नाही म्हणून शिफ्ट संपताना पुन्हा खायची. घाम दोघांचाही सारखाच गळतो. पण दुसऱ्याचं काम जिवाला महाग पडतं, आणि हे केवळ अंदाजानं म्हटलेलं नाही. हजारो कामगारांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून निघालेली गोष्ट आहे.

रॉबर्ट कारासेक या संशोधकानं १९७९ साली कामाच्या दोन बाजू वेगळ्या काढल्या: ओझं किती, आणि ते कसं उचलायचं हे ठरवायची मुभा किती. ओझं जास्त आणि मुभा कमी असेल तर ताण साचतो. इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या, साठीत असलेल्या २,३६३ कामगारांचा सात वर्षांचा हिशोब मांडला. मुभा कमी असलेल्या कामांत, हलक्या कामाच्या तुलनेत जड ओझं असणाऱ्यांची मृत्यूची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी जास्त निघाली. मुभा भरपूर असलेल्या कामांत मात्र जड ओझं असणाऱ्यांची शक्यता ३४ टक्क्यांनी कमी होती. त्या आधी, १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांवर झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या सुमारे तिप्पट आढळलं होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशोबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. ‘साहेबाला जास्त टेन्शन’ ही आपल्याकडची समजूत तिथं उलटी पडली.

धोका केवढा, हेही नीट समजून घ्या, नाहीतर लोक घाबरतात किंवा सोडून देतात. युरोपातल्या १३ अभ्यासांमधल्या जवळपास दोन लाख कामगारांची माहिती २०१२ साली एकत्र तपासली, तेव्हा ताणाच्या कामात हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी जास्त दिसला. समजण्यापुरता हिशोब असा: एखाद्या गटात शंभरातल्या चौघांना हृदयविकार होणार असेल, तर ताणाच्या कामात तो आकडा पाचाच्या आसपास जातो. तंबाखूचा धोका याहून पुष्कळ मोठा आहे. पण तंबाखू सोडणं एकट्या माणसाच्या हातात असतं. कामाची रचना त्याच्या हातात नसते, ती मालकाच्या आणि सुपरवायझरच्या हातात असते. म्हणून हे सगळं आधी त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

ताण शरीरात शिरतो तो दोन वाटांनी. सरळ वाट अशी की दिवसभर अंगात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल चढत राहतं, त्यामुळं रक्तदाब आणि साखर वर राहते, रक्त लवकर गोठू लागतं, आणि रात्री झोपेत रक्तदाब जेवढा खाली यायला हवा तेवढा येत नाही. आडवाट जास्त रुळलेली आहे: शिफ्टमध्ये चार तंबाखूच्या पुड्या, जेवण बुडवून चहा, सुटल्यावर दारू, चार-पाच तासांची झोप, आणि प्रेशरची गोळी ‘आज राहू दे’. दुसऱ्या वाटेवर नुसता उपदेश करून काही साधत नाही, कारण ती पहिल्या वाटेवरूनच फुटते.

आधी तास मोजा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मांडलेल्या हिशोबानुसार, २०१६ या एका वर्षात जास्त तास काम केल्यामुळं जगात ७,४५,००० माणसं पक्षाघात आणि हृदयविकारानं गेली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. तेव्हा तुमच्या शेडची रेघ ५५ वर मारा.

मोजायचं पंचिंगवरून नाही. पंचिंगमध्ये ओटी (ओव्हरटाइम) वेगळी, ठेकेदाराच्या माणसांची हजेरी वेगळी, आणि रविवारी ‘दोन तास येऊन जा’ म्हटलेलं कुठंच नसतं. एक शंभर पानी वही घ्या, प्रत्येक कामगाराला एक पान, आणि सलग चार आठवडे रोज दोनच आकडे लिहा: गेटमधून आत किती वाजता, बाहेर किती वाजता. चार आठवडे अशासाठी की डिस्पॅचचा शेवटचा आठवडा त्यात आला पाहिजे. एकाच आठवड्याची नोंद घेतली तर नेमका मोकळा आठवडा सापडतो आणि सगळं छान दिसतं. प्रवासाचे तास वेगळ्या रकान्यात टाका. तासगाव किंवा कवठेमहांकाळहून येणाऱ्याचे दीड-दोन तास रोज रस्त्यात जातात. वरच्या आकड्यांत ते धरलेले नाहीत, पण झोपेतून तेच वजा होतात.

बारा तासांची ड्युटी आणि आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ७२ तास. जपानमध्ये अतिकामानं मृत्यू आला असं सरकारी पातळीवर मान्य करताना शेवटच्या महिन्यात १०० तास किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत सरासरी महिना ८० तास ओव्हरटाइम ही रेघ धरतात. तिथला आठवडा ४० तासांचा. त्या मापानं आपली बारा तासांची ड्युटी महिन्याला सव्वाशे तासांच्या वर ओव्हरटाइम भरते. हे बारा तास आपल्याकडं इतके सवयीचे झालेत की त्यात काही वावगं वाटत नाही, आणि कामगार स्वतः ओटी मागतो कारण मूळ पगारात घर चालत नाही. त्याला दोष देऊ नका. कायद्यानं आठवड्याचे तास ४८ आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर आहे. ओटी एकेरी दरानं देणाऱ्या शेडमध्ये तास कधीच कमी होत नाहीत, कारण नवीन माणूस घेण्यापेक्षा जुन्याला राबवणं स्वस्त पडतं. दुप्पट दर चोख द्या. मग जादा माणूस घेणं परवडतं की नाही हा हिशोब खरा होतो.

चार आठवड्यांनी ५५ च्या वर गेलेली नावं लाल पेनानं खुणवा. बहुतेक ठिकाणी ती तीच ती पाच-सहा नावं निघतात: सेटर, मेंटेनन्सवाला, भट्टीवरचा जुना माणूस. ‘त्याच्याशिवाय चालत नाही’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याच्याच जिवाला सगळ्यात आधी जपायला हवं. त्याच्या हाताखाली दुसरा माणूस तीन महिन्यांत तयार करा आणि तोवर त्याची आठवड्याची सुट्टी कुणालाही मोडू देऊ नका.

मग ओझं आणि मुभा मोजा

तास मोजणं सोपं. मुभा मोजायला विचारावंच लागतं. पुढचे प्रश्न एका चिठ्ठीवर छापा. उत्तर फक्त हो किंवा नाही, खूण करून.

ओझ्याचे:
१. शिफ्टमध्ये टार्गेट भरण्यासाठी जेवणाची सुट्टी मोडावी लागते का?
२. एकाच वेळी दोघं वेगवेगळं काम सांगतात असं आठवड्यातून एकदा तरी होतं का?
३. माणूस कमी असताना त्याचंही काम तुम्हालाच करावं लागतं का?
४. घरी गेल्यावरही मशिन किंवा रिजेक्शन डोक्यात फिरत राहतं का?

मुभेचे:
५. मशिन बिघडतंय असं वाटलं तर कुणाला न विचारता थांबवता येतं का?
६. लघवीला, पाणी प्यायला परवानगी न मागता जाता येतं का?
७. शिफ्ट आपसात बदलून घेता येते का?
८. ओटी आहे हे आदल्या दिवशी कळतं का, आणि नाही म्हणता येतं का?
९. टार्गेट ठरवताना तुमच्या लाइनमधल्या कुणाला विचारलं जातं का?

मोबदल्याचे:
१०. पगार ठरल्या तारखेला होतो का?
११. काम चांगलं झालं तर कुणी चार शब्द बोलतं का?

शेवटचे दोन प्रश्न उगाच घातलेले नाहीत. योहानेस सीग्रिस्ट या जर्मन संशोधकानं १९९६ साली दाखवलं की कष्ट आणि मोबदला यांचं माप चुकलं की हृदयाला धोका वाढतो, आणि मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते.

सहावा प्रश्न काही मालकांना लाजिरवाणा वाटतो. तो काढू नका. मुभा किती आहे हे तो एकटाच निम्मं सांगतो. ज्या लाइनवर बायका काम करतात तिथं तर त्याच्यावाचून चिठ्ठीच अपुरी आहे. पाणी प्यायलं की जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका पॅकिंगच्या टेबलावर असतात, आणि सुटल्यावर त्यांची घरची शिफ्ट सुरू होते.

इथं हमखास बिघडतं ते असं. सुपरवायझरनंच चिठ्ठ्या वाटल्या की सगळं ‘उत्तम’ निघतं. अक्षरावरून ओळखू येईल म्हणून लोक गप्प बसतात. तेव्हा लिहायला काही ठेवू नका, फक्त खुणा; सगळ्यांना एकाच रंगाचं पेन; नाव, वय, टिकट नंबर काही नको; पेटी कुलपाची, आणि ती उघडणारा माणूस त्या लाइनचा नको. आठ-दहापेक्षा कमी माणसं असलेल्या लाइनचा वेगळा हिशोब करू नका, दोन लाइनी एकत्र करा, नाहीतर कोण काय म्हणालं ते उघड होतं. ठेकेदाराच्या माणसांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या कागदावर घ्या. पर्मनंट आणि ठेक्यावरचे यांच्या उत्तरांतलं अंतर हीच बऱ्याचदा खरी बातमी असते.

गुण लावत बसू नका. ही वैद्यकीय चाचणी नाही, कुठं हात घालायचा हे दाखवणारी खूण आहे. ज्या लाइनवर निम्म्याहून जास्त लोकांनी ओझ्याच्या तीन प्रश्नांना ‘हो’ आणि मुभेच्या तीन प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं, तिथून सुरुवात करा.

मुभा वाढवायची म्हणजे काय करायचं

एका वेळी एकच लाइन, एकच बदल, सहा आठवडे. सगळ्या शेडमध्ये एकदम दहा बदल केले की कशानं काय झालं ते कळत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं जुन्यावर येतं.

पहिला बदल बहुतेक ठिकाणी पाचव्या प्रश्नाचाच घ्यावा: मशिन थांबवायचा हक्क. नुसतं ‘थांबवत जा’ म्हणून चालत नाही. कोणत्या तीन-चार गोष्टींसाठी थांबवायचं ते मशिनवर चिकटवा: आवाज बदलला, माप दोन नग सलग बाहेर गेलं, कूलंट बंद पडलं. थांबवलेला वेळ टार्गेटमधून वजा करा. हा वजाबाकीचा भाग सुटला की हक्क कागदावरच राहतो, कारण मशिन थांबवलं तरी नग तेवढेच द्यायचे असतील तर कोण थांबवेल? उत्पादन घसरेल ही भीती मालकाला वाटणारच. पहिल्या दोन आठवड्यांत थोडं घसरतंही. सोबत रिजेक्शनचा आकडाही लिहून ठेवा, म्हणजे सहा आठवड्यांनी दोन्ही बाजू समोर ठेवून बोलता येईल.

दुसरा बदल ओटीचा. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगायचं, आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव कुठंही लिहायचं नाही. गेटवर पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला ‘थांब जरा’ म्हटलं जातं तेव्हा त्याची शेवटची एसटी जाते, पोराचा क्लास बुडतो, आणि हे रोज होऊ शकतं या धास्तीनं तो रोजच ताणात राहतो. दोन तासांच्या कामापेक्षा ही अनिश्चितता जास्त झिजवते.

तिसरा, शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या दहा मिनिटं. आज काय, कोण गैरहजर, कुठं अडतंय. बोलायची सुरुवात सुपरवायझरनं नाही, लाइनमधल्या माणसानं करायची. इथं एक चूक फार होते: जबाबदारी दिली जाते पण निर्णय दिला जात नाही. ‘आजपासून क्वालिटी तुझी’ असं ऑपरेटरला सांगायचं आणि खराब कास्टिंग परत पाठवायचा अधिकार मात्र द्यायचा नाही, यानं ओझं वाढतं आणि मुभा तेवढीच राहते. तसं करण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

वर्षातून एकदा योगाचं शिबिर, भिंतीवर ‘हसत राहा’चं पोस्टर आणि कधीच न उघडलेली सूचनापेटी यांवर पैसे घालू नका. प्राणायाम वाईट नाही, पण बारा तास राबून आलेल्याला श्वास कसा घ्यायचा हे शिकवणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं आहे.

सुपरवायझरला विसरू नका. वरून साहेब, खालून माणसं, आणि त्याला स्वतःला ना टार्गेट बदलता येतं ना माणूस वाढवता येतो. चिठ्ठी त्यालाही द्या.

थर्ड शिफ्ट

शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढं ढकलणं सोपं आणि मागं ओढणं अवघड. शिफ्ट फिरवायची ती फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी पुढं. उलटी फिरवली तर सेकंड रात्री ११ ला सुटते आणि सकाळी ७ ला फर्स्ट उभी. मध्ये आठ तास, त्यातला प्रवास, जेवण, अंघोळ काढली तर झोप पाच तासांचीही उरत नाही. दोन शिफ्टमध्ये किमान ११ तास ठेवा, युरोपात हा नियमच आहे. पुढं फिरवताना अडचण फक्त थर्डवरून फर्स्टला येताना येते, तर आठवड्याची सुट्टी नेमकी तिथं घाला. शेवटची नाईट शुक्रवारची ठेवली की माणूस शनिवारी सकाळी सुटतो आणि सोमवारी सकाळी येतो, पूर्ण ४८ तास मिळतात. सलग नाईट जमल्यास तीनच. आठवडाभर लावायचीच वेळ आली तर पन्नाशीच्या पुढच्यांना आणि हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांना आधी वगळा.

नाईट करणाऱ्यानं स्वतः काय करायचं? मुख्य जेवण रात्री ९-१० ला, कामावर जायच्या आधी: भाकरी, भाजी, आमटी. मध्यरात्रीनंतर हलकंच खा. भडंग आणि वडापाव हे सांगलीकराचं नाईटचं जेवण झालंय, पण त्यात मीठ आणि तेल दोन्ही, आणि दिवसाचं सगळं मिळून मीठ एका चहाच्या चमच्याएवढंच म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. त्याऐवजी फुटाणे, केळं, ताक. शेवटचा चहा पहाटे दोनच्या आत, कारण त्याचा अंमल पाच-सहा तास टिकतो आणि सकाळी आठची झोप मोडतो. पहाटे दोन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद वेळ. त्यात वीस मिनिटांची डुलकी पाळीपाळीनं घेऊ द्या. वीसच. तासभर झोपलं तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं.

दिवसाची झोप दोन तुकड्यांत घ्या: सकाळी आठ ते दुपारी एक, आणि रात्री जायच्या आधी दीड तास. खिडकीला जाड चादर, फोन बंद, आणि दारावर पाटी. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर झोप लागतच नाही, म्हणून दुसरा तुकडा सोडू नका. आणि नाईट संपल्यावर दुचाकीला लगेच किक मारू नका. डोळे जड असतील तर कँटीनमध्ये पंधरा-वीस मिनिटं डोकं टेका, मग निघा. मिरज-पंढरपूर रस्त्यावर सकाळी साडेसातला पेंगत गाडी चालवणाऱ्याला हृदयविकाराच्या टक्केवारीपेक्षा समोरच्या ट्रकचा धोका जवळचा आहे.

प्रेशर मोजायचं ते असं

कारखान्यात दंडाला बांधायचं ऑटोमॅटिक मशिन ठेवा. मनगटाचं नको, ते चुकतं. साधा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाला बसतो. हमाली करणाऱ्या किंवा जाड दंडाच्या माणसाला मोठा पट्टा घ्या, नाहीतर प्रेशर उगाच जास्त दिसतं.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, कपड्यावरून नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही लिहा. कारखान्यात हे सगळं होत नाही. माणूस भट्टीवरून धावत येतो, उभ्या उभ्या हात पुढं करतो आणि १६० निघालं की घाबरतो. त्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडून द्या, बाकीची सरासरी काढा. सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरकडं जा. दवाखान्यात मोजलेल्याची रेघ १४०/९० आहे. आणि १८०/१२० च्या वर, सोबत छातीत दुखणं, धाप किंवा नजर अंधुक होणं असेल तर सात दिवस थांबू नका, त्याच तासाला जा.

नाईटवाल्यांची गोळी इथं सुटते. ‘सकाळी एक’ म्हणजे कोणती सकाळ, उठल्यावरची की सुटल्यावरची? डॉक्टरांना शिफ्ट सांगा आणि घड्याळातली वेळ ठरवून घ्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह आहे अशा पुरुषांत ताणाच्या कामामुळं मृत्यूचा धोका ६८ टक्क्यांनी जास्त असल्याचं २०१८ च्या मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसलं, आणि ज्यांचं प्रेशर, कोलेस्टेरॉल औषधांनी आटोक्यात होतं त्यांनाही तो धोका सुटला नव्हता. म्हणजे गोळी चालू आहे म्हणून त्या माणसाला डबल ड्युटी चालेल असं धरू नका. सगळ्या उपायांत एकच निवडायचा झाला तर हा निवडा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होते, ठेकेदाराच्या माणसालाही. ईएसआयच्या डॉक्टरनं आजारपणाचा दाखला दिला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. खाडा पडेल म्हणून छातीत दुखत असतानाही कामावर येणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं. त्याच्या भरण्याचे दिवस पुरेसे भरलेत का हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवा. ठेकेदारानं भरणा चुकवलेला असेल तर तो आजच कळायला हवा.

गळिताच्या हंगामात

साखर कारखान्यात दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही. पॅन, सेंट्रिफ्युगल, बॉयलर इथं रजा मागणंच अवघड. हंगामापूर्वीच प्रत्येक जागेला एक रिलिव्हर नेमून द्या आणि सगळ्यांचं प्रेशर वरच्या पद्धतीनं ऑक्टोबरमध्ये मोजून घ्या, जानेवारीत पुन्हा.

फडातल्या ऊसतोड टोळीची गोष्ट याहून कठीण. मराठवाड्यातून आलेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेऊन आलेलं असतं. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावी लागते, आणि आजारी पडलं तर खाड्याचा भुर्दंड त्यांच्याच अंगावर. वरचे आकडे कार्यालयांतल्या आणि कारखान्यांतल्या माणसांचे आहेत, पण ओझं आणि मुभा या मापानं बघितलं तर याहून वाईट जोड शोधून सापडणार नाही. कारखान्याच्या शेती खात्यातल्या माणसांनी निदान एवढं करावं: गाडीची वेळ संध्याकाळीच कळवायची, रात्री भरलेल्या टोळीला सकाळची तोड द्यायची नाही, फडावर पिण्याचं पाणी पोचवायचं, आणि आजारपणाच्या दिवसाला खाडा लावू नये हे मुकादमाच्या करारातच लिहून घ्यायचं.

मन खचलं तर

बडबड्या माणूस गप्प झाला, डब्यातलं जेवण परत नेऊ लागला, उधारी आणि दारू एकदम वाढली, किंवा आपली हत्यारं, वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकू लागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा: ‘जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, घरच्यांना बोलवा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर त्याच्यासमोर फोन लावा. तो सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

छातीत दुखलं तर

‘गॅस झालाय’ या दोन शब्दांनी फार जीव घेतलेत. छातीच्या मधोमध दाब, पाच मिनिटं झाली तरी उतरत नाही, सोबत घाम, जबडा किंवा डावा हात जड होणं, धाप. हे सोडा पिऊन बघायचं दुखणं नाही. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी कधी दुखतही नाही, नुसता थकवा, मळमळ आणि घाम. त्याला चालवू नका, मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नका. बसवा, कपडे सैल करा, १०८ लावा. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे, तो मागा.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळली, तर पक्षाघात. तोंडात पाणी किंवा प्रेशरची गोळी घालू नका. शेवटचा धड कधी होता ती वेळ लिहून घ्या, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

शुद्ध हरपली आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, रुग्णवाहिका येईपर्यंत, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. हे वाचून येत नाही. प्रत्येक शिफ्टमधल्या चौघांना शिकवून घ्या आणि नाईटचे चौघं वेगळे धरा.

सांगली-मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत, पण रात्री तीनला अँजिओप्लास्टीची सोय आणि सीटी स्कॅन कुठं चालू असतं हे आज दिवसा फोन करून विचारा आणि दोन नावं, दोन नंबर एका कागदावर लिहून गेटवर, कँटीनमध्ये आणि मेंटेनन्सच्या टेबलावर लावा. त्याच कागदावर वर ठळक अक्षरांत आपला ब्लॉक, प्लॉट नंबर आणि जवळची खूण लिहा. एमआयडीसीतल्या शेड रात्री सगळ्या सारख्या दिसतात आणि रुग्णवाहिका शेजारच्या बंद गेटपाशी थांबून राहते, म्हणून फोन झाला की एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा आणि वॉचमनला गेट सताड उघडून ठेवायला सांगा.